बिलासाठी भांडणारे एझ्राकाका

सरकारी कोविड सेंटरमधून बरं होऊन निघालेल्या माणसाने दारातच भांडण काढावं, आणि तेही बिल दिलं नाही म्हणून, हे अख्ख्या पनवेलात फक्त आमच्या एझ्राकाकांनाच जमलं असतं.

"फुकट? ज्याला किंमत नाही तो माल खोटा!"

एझ्राकाका माझे समोरचे शेजारी. कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे आपले मराठी ज्यू, बँकेतून निवृत्त. काकू वारल्या, मुलगा इस्रायलला. बाजारावर त्यांची देवापेक्षा काकणभर जास्तच श्रद्धा. लॉकडाऊनमध्ये खाली मोफत तांदळाची रांग लागली की हे गॅलरीतून ओरडायचे, "सवय लागेल! बाजाराला करू दे ना त्याचं काम." बाजार करतही होता. ऑनलाइन मागवलेली पिशवी दाराबाहेर ठेवायचा, बेल वाजवायचा आणि पसार व्हायचा.

मग काकांचा ऑक्सिजन उतरला. खोकत खोकत ते खासगी हॉस्पिटलांना फोन लावत होते, "दुप्पट घ्या!" पण खाटच नव्हती, तर दुप्पट कशाची घेणार? शेवटी मीच त्यांना सरकारी सेंटरमध्ये नेलं. जीव वाचला.

आता तरी गडी बदलला असेल का, याची मला भारी उत्सुकता. कसलं काय! घरी आल्यावरही एकच धोशा, "बिल द्यायला हवं होतं."

महिन्याभराने त्यांनी मलिदा केला. गोड पोहे, खोबरं, फळं. त्यांच्यात नवस फेडताना प्रार्थना करून सगळे मिळून हा प्रसाद खातात. पण जवळपास त्यांचं माणूस उरलेलं नाही. काकांनी डबा भरला नि मला म्हणाले, "सेंटरवर सोड."

फाटकाशी वॉर्डातली मावशी भेटली. बघताच म्हणाली, "काका, तुमी? जेवला नाय अजून?"

"जेवलो, जेवलो," म्हणत काकांनी डबा तिच्या हातात दिला आणि घाईघाईने गाडीत येऊन बसले.

"तिथे रोज विचारायची," ते म्हणाले. "तुझी काकू गेल्यापासून कोणी विचारलं नव्हतं रे. बिल दिलं असतं तर फेडून मोकळा झालो असतो. आता याचं काय करू?"

मी चावी फिरवली.

"थांब," काकांनी दार उघडलं. "खोटं बोललो मी तिच्याशी. सकाळपासून उपाशी आहे. आणि मलिदा काय एकट्याने खायचा असतो?"

ते पुन्हा फाटकाकडे निघाले. मावशीने त्यांना बघून बाकावर जागा केली.