सूर्याजीच्या दगडाला नैवेद्य

विचारलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण तात्यासाहेबांनी विचारलं नाही, आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

ग्वाल्हेरबाहेरच्या टेकडीवर सूर्याजीचा मळा आहे. सात पिढ्यांमागे तात्यासाहेबांच्या पूर्वजाला, सूर्याजीला, तो इनाम मिळाला. हल्ली तो मळा विक्रमसिंह नावाचा शेतकरी कसतो. पण सूर्याजीच्या नावाचा दगड अजून तिथं आहे. घरात नवी सून आली की तिच्या हातून त्या दगडाला पुरणपोळी दाखवायची, ही घरची रीत. म्हणून चैत्रातल्या एका सकाळी शहरातल्या नई सडकवरच्या घरातून मंडळी निघाली: तात्यासाहेब, मंदाताई, मुलगा अंबरीश आणि नवी सून गरिमा.

दोन तासांची चढण. मळ्याच्या फाटकातच तात्यासाहेबांचा पाय शेणात गेला. तिथल्याच एका दगडावर बूट खरवडून ते पुढं झाले.

“अहो, विक्रमसिंहला विचारा तरी,” मंदाताई म्हणाल्या. “आपल्या लग्नानंतर येणं राहूनच गेलं. तुम्ही शेवटचे आलात ते सात वर्षांचे असताना.”

“आपला दगड परक्याला विचारू? सुनेसमोर?”

आणि खरंच, वर बाभळीखाली शेंदरासारखा लाल रंग दिलेला दगड दिसला. तात्यासाहेबांची छाती फुगली. गरिमानं पानावर पुरणपोळ्या ठेवल्या, तूप वाढलं. तात्यासाहेबांनी समोर बसून पाणी फिरवलं, डोळे मिटले आणि सात पिढ्यांची नावं घ्यायला सुरुवात केली. (ती ते कधीच भरभर घेत नसत.)

तिसऱ्या नावाला दगडाखालचा पाचोळा सळसळला. चौथ्याला फणा वर आला.

“बाबा,” गरिमा कुजबुजली, “मागे या. धीरे से.”

सून भारावली, असं तात्यासाहेबांना वाटलं. त्यांनी आवाज आणखी संथ केला.

“अहो, बस्स करा!” मंदाताई म्हणाल्या.

“भूक आवरा जरा,” ते डोळे न उघडताच म्हणाले.

फणा आणि जोडलेले हात यांत वीतभर अंतर उरलं. अंबरीशनं काठी उचलली आणि तशीच धरून ठेवली. नेम चुकला तर घाव वडिलांवर. 

तेवढ्यात खालून विक्रमसिंह ओरडला, “दादा! उस पत्थर से हटो! नाग है वहाँ!”

तात्यासाहेबांनी डोळे उघडले. नाग त्यांच्याकडेच बघत होता. ते हलले नाहीत. (शौर्य नव्हे, उठता येईना.)  मग नागानं फणा मिटला, सावकाश पुढं सरकला आणि तुपाळ पुरणपोळ्यांवर वेटोळं घालून बसला. गरिमानं सासऱ्यांची बखोट धरून त्यांना मागं ओढलं.

विक्रमसिंह धापा टाकत आला. “ये गेरू हमने पोता है, कि कोई पास न जाए! और आप हाथ जोड़के बैठ गए?”

“मग... सूर्याजीचा दगड?”

“फाटक पे. जिसपे आपने जूता रगड़ा.”

मंदाताईंनी पाण्याची बाटली नवऱ्याच्या हातात दिली.

खाली फाटकाशी येऊन तात्यासाहेबांनी दगड धुतला. दोनदा धुतला. पुरणपोळ्या आणायला कुणी वर जाईना, तेव्हा गरिमानं पिशवीतली तीळगुळाची गजक काढून ठेवली. तात्यासाहेबांनी हात जोडले, डोळे मिटले, आणि लगेच उघडले.

“विक्रमसिंह, नक्की हाच ना?”

विक्रमसिंहनं एकदा त्या दगडाकडं पाहिलं, एकदा त्याच्या शेजारच्या दगडाकडं.

“अब इतना धो दिया है दादा, तो यही सही.”