मास्तरांची खुर्ची आमच्या घरात

बाळाराम मास्तरांच्या घरात बसायला खुर्ची नाही. त्यांची खुर्ची आमच्या घरात आहे. रेडिओ अन्सारीचाचांच्या कापडाच्या लूमवर आहे आणि मटणाचा मोठा टोप समोरच्या कांबळे सिस्टरांकडे. हे सगळं कर्जापायी गेलेलं नाही, चोरीलाही गेलेलं नाही. हा मास्तरांचा सरकारशी चाललेला लढा आहे.

मास्तर शाळेत पी.टी. शिकवायचे. निवृत्त झाले, पण शिट्टी अजून गळ्यात आहे. बायको गेली, मूलबाळ नाही. राहनाळला वडिलांची जमीन होती, ती गोडाऊनवाल्यांनी विकत घेतली. फायद्यावर कर बसला. मास्तरांनी तो भरला आणि भरून आल्यावर भर चौकात उभं राहून निषेधाची शिट्टी वाजवली. दोन ट्रक थांबले. सरकारला ऐकू गेली नसावी. उरलेले पैसे त्यांनी पुतण्याला दिले. पुतण्या काल्हेरच्या नव्या बिल्डिंगीत राहायला गेला, आणि तिथून त्याला आमची भिवंडी दिसेनाशी झाली.

मग एकदा आमच्या टीव्हीवर चर्चा रंगली. मोठ्या फायद्यावरचा कर वाढवावा, मेलेल्या माणसाच्या मालमत्तेवरही कर लावावा, असं कुणी तावातावाने म्हणत होतं. मास्तर ताडकन उठले.

"जित्तेपणी घेतलात, घ्या. मेल्यावर हात लावू देणार न्हाय. मरताना माझ्या नावावर चमचा जरी सापडला, तर नाव बदलून टाकीन."

मेलेला माणूस नाव कसं बदलणार, हे मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून वाटप सुरू झालं. अट एकच: "वस्तू तुमची, वापर माझा." म्हणून मास्तर रोज पाचला येतात, आपल्या खुर्चीत बसून आमचा चहा पितात आणि आमच्या पडद्यांना नावं ठेवतात. तिथून लूमवर. त्या खडखडाटात रेडिओला कान लावून बसतात. एक अक्षर ऐकू येत नाही. "मास्टरजी, क्या बोल रहा है?" असं चाचांनी ओरडून विचारलं की मास्तर जगभरच्या बातम्या जागच्या जागी रचून सांगतात. सिस्टरांकडे टोप चढला की जेवायला हजर, आणि मीठ कमी पडलं हे सांगायलाही तेच.

माझा नवरा एका करसल्लागाराच्या ऑफिसात कामाला आहे. फार सरळ माणूस. एक दिवस त्याला राहवेना. मेलेल्याच्या मालमत्तेवर आपल्याकडे असा कर नाही, येणार असं काही ठरलेलंही नाही, हे त्याने मास्तरांना नीट समजावलं. वर मायेने म्हणाला, "खुर्ची मी आणून देतो घरी."

मास्तरांनी अर्धा कप खाली ठेवला. "आज न्हाय, उद्या लावतील," म्हणाले. पण आवाज पी.टी.चा नव्हता.

दुसऱ्या दिवशी पाच वाजले, खुर्ची रिकामी. तिसऱ्या दिवशीही तेच. चाचा लूम सोडून चौकशीला आले. नवरा म्हणाला, मी खरं तेच सांगितलं ना? तीच तर पंचाईत झाली, मी म्हटलं.

मी मास्तरांकडे गेले. उघड्याबोडक्या खोलीत ते चटईवर बसले होते. भिंतीवर किल्लीचं जुनं घड्याळ, बाकी काही नाही. मी दारातूनच म्हटलं, "मास्तर, आमच्या ह्यांना काय कळतंय? कर येणार. मोठा येणार."

त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मीही नजर हलवली नाही.

"पक्का?"

"पक्का."

मास्तर उठले. घड्याळ उतरवलं, सदऱ्याने पुसलं आणि माझ्या हातात दिलं. "मग ह्ये पण न्या. सरकारला मिळता कामा न्हाय. किल्ली मात्र मीच देणार. रोज सकाळी."

आता ते सकाळीही येतात. एकदा किल्ली दिली की हे घड्याळ आठ दिवस चालतं. माझ्या नवऱ्याला तेही मास्तरांना समजावून सांगायचं होतं. मी त्याला भाजी आणायला पाठवलं.