सचिवांचे उत्तर येईपर्यंत

नरेंद्र ओव्हाळ यांच्या नळाला त्या सकाळीही चहाच्या रंगाचे पाणी आले. अंबरनाथच्या कारखान्यातील प्रयोगशाळेत आयुष्य घालवलेल्या माणसाला हा वैयक्तिक अपमान वाटला. कात्रपमधील त्यांच्या सोसायटीचे सचिव सुदाम भोईर टाकी धुण्याविषयीचा प्रत्येक संदेश वाचत, उत्तर मात्र देत नसत. निवृत्तीनंतर ओव्हाळ प्रोग्रामिंग शिकत होते आणि नुकतेच व्हाइल लूपपर्यंत पोचले होते. त्यांनी प्रोग्राम लिहिला: जोपर्यंत सचिवांचे उत्तर येत नाही, तोपर्यंत दर दहा मिनिटांनी सोसायटीच्या ग्रुपवर ‘टाकी कधी धुणार?’ असे विचारावे.

दुपारी भोईर ग्रुप सोडून गेले. संदेश चालूच राहिले.

“पप्पा, बंद करा ना ते,” त्यांची मुलगी हर्षदा म्हणाली. “लूपची अट कधीतरी खोटी व्हायला पाहिजे, तरच तो थांबतो. भोईरकाका ग्रुपवरच नाहीत, तर रिप्लाय येणार कुठून?”

“म्हणजे दोष भोईरांचा. बरोबर चालणारा प्रोग्राम मी का बंद करायचा?”

संध्याकाळी अख्खी इमारत दारात उभी राहिली.

“ओव्हाळसाहेब,” समोरच्या सुषमाताई म्हणाल्या, “पाणी बंद राहणार म्हणून मेसेज होता, तो तुमच्या मेसेजमध्ये गायब झाला. कणीक मळायला घरात पाणी नाय.”

“त्या पाण्याने कणीक मळूच नका.”

“पहिले हे थांबवा.”

“भोईरांना सांगा उत्तर द्यायला.”

“त्यांनी राजीनामा टाकला. बोलले, ज्याला एवढी घाई आहे त्यालाच सचिव करा.”

ही सूचना सर्वांना तत्काळ पटली. ओव्हाळ जिन्यातच सचिव झाले. विरोधी मत एकच पडले, ते त्यांचे स्वतःचे. हर्षदाने प्रोग्राममध्ये सचिव म्हणून भोईरांच्या जागी वडिलांचा नंबर टाकला, ओव्हाळांनी ग्रुपवर ‘उद्याच धुतो’ असे लिहिले आणि लूप मुकाट्याने थांबला.

“बघ,” ते मुलीला म्हणाले, “प्रोग्राममध्ये चूक नव्हतीच.”

दुसऱ्या दिवशी रविवार. टाकी धुणारी माणसे मिळेनात. लेखी शब्द दिलेला असल्यामुळे ओव्हाळ पँट दुमडून, ब्रश घेऊन स्वतःच रिकाम्या टाकीत उतरले. थोड्या वेळाने वरच्या झाकणातून टॉर्चचा उजेड आला. त्यामागे भोईर होते.

“त्या कोपऱ्यात गाळ आहे अजून. साफ होईपर्यंत घासा, साहेब.”

“आणि साफ झाली हे कोण ठरवणार?”

“मीच की,” भोईर खुर्ची ओढत म्हणाले. “माझ्याकडे आता टाइमच टाइम आहे.”