बूच जागेवर, वाइन गायब

"बुद्धी माझी, नाक माझं आणि गुन्हा दुसऱ्याचा; एवढी सामग्री मला पुरते," असं भिंगराव स्वतःबद्दल सांगायचे. प्रत्येक खिशात एकेक भिंग असल्यामुळे पडलेलं हे नाव ते पदवीसारखं मिरवायचे. आजवर त्यांनी सोडवलेली प्रकरणं मोजायला बोटंसुद्धा लागत नसत.

या वेळी अडला होता त्यांचा मेहुणा. जिभेवर थेंबही न ठेवता त्याने वाइनवरची कपाटभर पुस्तकं वाचली होती. चेरीचा गंध, ओल्या मातीची आठवण, जुन्या चामड्याची चव, असलं काही वाचलं की पठ्ठ्याला बसल्या जागी चढायची. ऑफिसात तो मोठा जाणकार. म्हणून तर साहेबांनी काल भारीतली बाटली पाठवून, उद्या जेवायला येतो, तुमच्याच हातून उघडू, असं कळवलं होतं. आणि आता पुस्तकांच्या रांगेवर आडवी ठेवलेली बाटली होती, बूच होतं, वाइन नव्हती. साहेबांना काय तोंड दाखवायचं, या विचाराने मेहुणा घामाघूम झाला होता.

त्याने काही सांगायला दोनदा तोंड उघडलं. भिंगरावांनी दोन्ही वेळा गप्प केलं. साक्षीदाराने तपासात लुडबुड करायची नसते. आधी वाइन हवेत उडाल्याचं सिद्ध झालं. मग चोराने बुचातून सुई घालून ती ओढून घेतल्याचं. शेवटी कपाटाखाली एक लाल ठिपका सापडला आणि भिंगरावांचा आवाज खोल गेला.

"हे रक्त आहे. चोर जखमी आहे आणि घरातच आहे."

त्यांची नजर मेहुण्याच्या बायकोच्या बोटावरच्या पट्टीवर स्थिरावली. ती भाजी चिरायची सोडून आली होती. तिने शांतपणे बाटलीखालचं जाडजूड पुस्तक ओढून काढलं. ते भिजलेल्या पावासारखं फुगलं होतं आणि आतून जांभळं झालं होतं.

"पहिल्या प्रकरणात वास घ्यायला सांगितलंय, म्हणून काल यांनी बूच काढलं," ती म्हणाली. "दुसऱ्यात बाटली आडवी ठेवायला सांगितलंय, म्हणून आडवी ठेवली. बूच परत घट्ट बसवायचं कुठल्याच प्रकरणात नसणार."

"तेच सांगत होतो," मेहुणा पुटपुटला.

"माझा संशय पहिल्यापासून पुस्तकांवरच होता," भिंगराव म्हणाले.

तेवढ्यात साहेब आले. मेहुण्याने मान खाली घालून ते पुस्तकच पुढे केलं आणि झालं ते सांगून टाकलं. साहेबांनी एक पान नाकाशी धरलं, डोळे मिटले आणि चेरी, ओली माती, असं काहीतरी म्हणाले. मग हळूच विचारलं, "म्हणजे आता प्यावी लागणार नाही ना?"

मेहुण्याने नकारार्थी मान हलवली. साहेबांनी सुस्कारा सोडला आणि खुर्ची ओढून घेतली.

"मग वाचा एखादं पान. पण जरा बेताने वाचा, मला लवकर चढते."