एका श्वासाच्या बिरुदावलीची बखर

श्रीगजाननाचे पायी मस्तक ठेवून, आणि वाचणाराचे नाकास वारा सुखे लाभो ऐसे मागणे मागून, घडले ते लिहितो. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, चैत्र मासी एका राज्यात दम्याचा विकार बहुत फैलावला. राज्याचे नाव सांगण्याची आज्ञा नाही. वैद्य लखमणबुवा हुजुरात येऊन अर्ज करिते जाहले की, "महाराज, रोगापेक्षा लपवणूक भारी. लग्नाच्या मुलीचा दम्याचा पंप आई डब्यात लपविते, आणि बरे वाटले की लोक औषध सोडितात, म्हणतात पंपाची सवय लागते." महाराज कष्टी जाहले आणि आज्ञा केली की रयतेस शहाणे करावे, भौमवारी, म्हणजे मंगळवारी, दरबार भरवावा. मग कारभारी दिनकरपंत यांनी तीन दिवस मसलत केली आणि तीतून निघाले ते हे की, महाराजांची बिरुदे वीस आहेत, त्यांत 'श्वासप्रतिपालक' हे एकविसावे जोडावे, म्हणजे जागृती जाहली. डोंगर पोखरून उंदीर काढिला, परंतु उंदरास पालखी दिली.

आता या राज्याची रीत ऐसी की, बिरुदावली चोपदाराने एका श्वासात म्हणावी, ती पुरी होईतो महाराजांनी गादीवर पाऊल टेकू नये, आणि जेथे श्वास तुटेल तेथे चोपदारी दुसऱ्या घराण्यात जावी. सात पिढ्या ती सटवाजी चोपदार यांचे घरी होती. आणि सटवाजींस दमा होता. अकरा वर्षे होता, आणि त्यांची बायको म्हाळसाबाई आणि लखमणबुवा यांखेरीज कोणास ठाऊक नव्हता. पंप पागोट्याचे घडीत खोवून हिंडत, आणि विसावे बिरुद टाचा उचलून कसेबसे गाठीत. एकविसावे ऐकिले तेव्हा त्यांनी तडक घरची वाट धरिली.

घरी येऊन म्हणाले, "आता काही खरे नाही. पणजोबांची काठी माझ्या हातून जाणार."

म्हाळसाबाई म्हणाल्या, "चारचौघांत पंप घ्या आणि बोला की. चष्मा लावता तेव्हा कोण हसते?"

"चष्म्याने घराणे बुडत नाही."

"आणि गुदमरून मेलात तर काय तरते?" ऐसे म्हणून बाई रडल्या. सटवाजींस बायकोचे खरे वाटत होते आणि लाजही वाटत होती, दोन्ही एकदम.

मग भौमवार उजाडला. सन्मानात न्यून नको म्हणून वर्षभर न उलगडलेले गालिचे दिवाणखान्यातच झटकिले, आणि ऊद जाळिला, आणि धूप घातला, आणि अत्तर शिंपडिले, आणि वारा येऊन धूप विझेल म्हणून खिडक्या लाविल्या. दम्याचे दरबारास दम्याचे सगळे सोयरे मानाने बोलाविले, एक राहिला नाही. लखमणबुवांनी कपाळावर हात मारिला, पण त्यांस विचारतो कोण? महाराज आले, बांबूच्या काड्यांच्या, चिकाचे पडद्याआड महाराजांच्या मातोश्री आईसाहेब बसल्या, आणि महाराजांनी गादीपाशी उजवे पाऊल उचलिले. सटवाजींनी काठी आपटून आरंभ केला. नववे बिरुद ठणठणीत गेले. चौदाव्यास छातीत शीळ वाजू लागली. सतराव्यास शब्द ओठांवर आला आणि पुढे येईना.

महाराज एका पायावर. सटवाजींचे डोळ्यांपुढे सात पिढ्या उभ्या राहिल्या, आणि एकही पिढी त्यांच्यासाठी श्वास घेईना. मग त्यांनी भर दरबारी पागोटे उतरविले. राजापुढे उघडे डोके म्हणजे सुतकाची खूण, पण त्यांनी ते केले. पंप काढिला, हलविला, तोंडास लाविला आणि दाबिला. फुस्स ऐसा आवाज जाहला. दहा अंक श्वास रोखिला, थोडे थांबून पंप पुन्हा घेतला.

"श्वास तुटला!" दिनकरपंत गर्जले. "चोपदारी गेली!"

इतक्यात चिकाचे पडद्याआड तोच आवाज जाहला. फुस्स. मग पुन्हा एकदा.

अवघ्या दरबाराने माना वळविल्या. महाराजांनी पाऊल खाली ठेविले, गादीवर नव्हे, जमिनीवर, आणि पडद्यापाशी जाऊन विचारिले, "आईसाहेब, केव्हापासून?"

आतून आवाज आला, "तू रांगत होतास तेव्हापासून. राजाची आई धापा टाकते, हे लोकांत बरे दिसेना, म्हणून बोलले नाही. आज या चोपदाराने धीर दिला."

महाराजांस फार वाईट वाटले. मग सटवाजींकडे वळून म्हणाले, "चोपदारी तुमचीच. पागोटे बांधा. आणि पंत, ते एकविसावे बिरुद पुसा. घरातला श्वास ज्यास ऐकू आला नाही, तो कसला प्रतिपालक?" मग लखमणबुवांचे सांगण्यावरून खिडक्या उघडल्या, ऊद विझविला, गालिचे बाहेर गेले, आणि दिनकरपंतांस खोकला आला तो सर्वांनी ऐकिला.

येणेप्रमाणे जाहले. बिरुदे वीसच राहिली, आणि दहाव्यानंतर विराम ठरला, त्यात ज्यास औषध घेणे त्याने उघड घ्यावे. सटवाजींची छाती आता रोजचे औषध न चुकविल्याने बरी असते, वीस बिरुदे सहज जातील. तरी दहाव्यास थांबतात, काठी टेकून उभे राहतात, आणि पडद्याआडून तो आवाज आल्याखेरीज अकरावे उच्चारीत नाहीत.