सणाच्या दिवशी उघडलेली खानावळ

समोरची खोली कोंबड्यांना द्यायची नाही, एवढंच मी ठरवलं होतं. बाकीचं सगळं आपोआप होत गेलं.

आमचा मुलगा नोकरीसाठी मनिलाला गेला आणि त्याची रस्त्याकडची खोली रिकामी झाली. माझा नवरा पोल्डो झुंजीचे कोंबडे पाळतो. सात आहेत. त्यांना तो जोडधंदा म्हणतो. (अकरा वर्षांत या धंद्यातून आमच्या घरात फक्त पिसं आली.) कोंबड्यांना पावसात ओल लागते, तेव्हा पिंजरे त्या खोलीत आणू या, असं तो एकदा जेवताना सहज म्हणाला.

"त्या खोलीत मी खानावळ काढणार आहे," मी म्हणाले. ही बातमी मलाही तेव्हाच कळली.

पोल्डोनं मान खाली घालून भात कालवायला घेतला. पण त्याची मोठी बहीण बेर्ता समोर राहते आणि जेवायला आमच्याकडे असते. ती दोघांच्या वाटचं हसली.

"लुमिंग, तू? अगं, आईस कँडी विकायला बसली होतीस तेव्हा काय झालं?"

काय व्हायचंय? शेजारची पोरं 'काकू, पैसे उद्या' म्हणायची आणि मी म्हणायची, 'राहू दे रे बाळा, केवढा उकाडा आहे.'

"तुझ्या हाताला चव आहे," बेर्ता म्हणाली, "पण पैसे मागायला तोंड लागतं. ते तुला देवानं दिलेलं नाही."

"दिलंय! तीन मोठी पातेली रांधते. संध्याकाळपर्यंत तिन्ही रिकामी झाली, तर खोली माझी. नाही झाली, तर खुशाल आणा कोंबडे."

"लागली पैज," पोल्डो म्हणाला. पैज म्हटली की त्याला कंठ फुटतो.

दिवसही मीच निवडला. आमच्या गावच्या संताचा, सान इसिद्रोचा सण. त्या दिवशी गावात बाहेरून इतकी माणसं येतात की प्रवाशांच्या जीपनींना उभं राहायला जागा उरत नाही. एवढी गिऱ्हाइकं एका दिवसात पुन्हा कुठे मिळणार?

आता तुम्ही म्हणाल, सणाला आमच्याकडे प्रत्येक घराचं दार उघडं असतं; ओळख असो नसो, कुणीही आत येऊन जेवून जातं, हे या बाईला ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं. बावन्न वर्षं मीसुद्धा अशीच लोकांकडे जेवत आलेय. पण ते घरांचं झालं. माझी खानावळ होती. (तिच्यात आमच्याच घरचे पडदे, आमच्याच घरचं टेबल आणि भिंतीवर आमच्या लग्नाचा फोटो होता, हे मला तेव्हा महत्त्वाचं वाटलं नाही.)

दारावर मी पाटी लावली होती. पोल्डोनं सकाळी मोठ्या हौसेनं रंगीत कागदी झेंड्यांच्या माळा बांधल्या, त्या नेमक्या पाटीवरून. मग तो कोंबडा काखेत मारून झुंजीला गेला आणि मी दारात उभी राहून हाका मारू लागले, "या, या! जेवून जा!" गल्लीतल्या सगळ्याच बायका तेच ओरडत होत्या. फरक एवढाच, की मी धंदा करत होते.

पहिलं कुटुंब नऊ माणसांचं आलं. कारे-कारेवर सगळे तुटून पडले. तो शेंगदाण्याचा दाट रस्सा मी पहाटेपासून ढवळत होते. अडोबोच्या, म्हणजे व्हिनेगरमध्ये शिजवलेल्या मांसाच्या, पातेल्यात त्यांच्या आजोबांनी स्वतःच डाव घातला.

"काय हो चव!" त्यातल्या बाई म्हणाल्या. "सासूबाई घरी आहेत, पाय सुजलेत त्यांचे. थोडं बांधून द्याल?"

पार्सलची ऑर्डर! मी दोन डबे गच्च भरले. बाईंनी ते घेतले, माझे दोन्ही हात हातात धरले आणि म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात आमच्या गावचा सण आहे. तुम्ही यायचंच हं आमच्याकडे जेवायला."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पैसे मागण्यासाठी मी तोंड उघडलं. तोंडातून आलं, "अजून थोडं पान्सित देऊ का? शेवया छान मऊ झाल्यात."

त्यांच्या मागून आणखी एक जीपनी रिकामी झाली. मग आमच्या वस्तीचे कॅप्टन, म्हणजे सरपंचच, आठ माणसं घेऊन आले. कॅप्टनकडे पैसे कसे मागायचे? आणि त्यांना जे फुकट वाढलं, ते इतरांना विकत कसं द्यायचं? दोन वाजता तिन्ही पातेली रिकामी झाली. बांधून देण्यासाठी घरातले डबे, आईस्क्रीमचे रिकामे डबे, सगळं गेलं.

संध्याकाळी बेर्ता आली आणि तिनं आधी पैशांचा डबा उघडला. आत सान इसिद्रोचं छोटं चित्र होतं. तेही मीच ठेवलेलं.

"पोल्डो, आण रे पिंजरे," ती म्हणाली.

"थांब!" मी म्हणाले. माझा आवाज इतका चढला की मागचे कोंबडे गप्प झाले. "पातेली रिकामी झाली तर, असं ठरलं होतं. झालीत. हात घालून बघ. पैशाचं कोण बोललं होतं?"

"अगं, पण त्याला धंदा म्हणतात का?"

"पोल्डो, तू सांग. काय ठरलं होतं?"

पोल्डोनं तिन्ही पातेल्यांत वाकून पाहिलं. झुंजीच्या आखाड्यात सगळा व्यवहार तोंडी चालतो आणि शब्द मोडणाऱ्याला तिथे पुन्हा कुणी उभं करत नाही. "ताई," तो पडलेल्या आवाजात म्हणाला, "शब्द तसाच होता." त्याचा कोंबडाही त्या दिवशी हरला होता.

खोली माझी झाली. दुसऱ्या दिवशी मी माळा काढल्या, पाटी फडक्यानं पुसून स्वच्छ केली आणि वाट पाहत बसले. कुणी फिरकलं नाही. सगळं गाव घरी बसून माझंच जेवण गरम करून खात होतं.

तिसऱ्या दिवशी एक ट्रायसिकलवाला प्रवासी सोडून आला. घामानं निथळत होता. जेवला, ढेकर दिला आणि स्वतःहून खिशातून नोट काढली. मी आरशासमोर सराव केला होता. ताठ उभी राहिले आणि म्हणाले, "अहो, असू द्या. केवढं ऊन आहे."

त्यानं नोट परत खिशात घातली.

"असू द्या काय?" समोरून बेर्ता चपलांशिवाय धावत आली. "ठेवा ती इथे!" आणि स्टूल ओढून ती पैशांच्या डब्याशी बसली. ती आजपर्यंत उठलेली नाही.

खानावळ छान चालते. कोंबडे अजून बाहेर आहेत, आणि बाहेरच राहतील. गेल्या आठवड्यात दोन नवी गिऱ्हाइकं आली. पोटभर जेवून त्यांतला एक बेर्ताला म्हणाला, "मालकीणबाई, तुमच्या या स्वयंपाकीणबाईंच्या हाताला काय चव आहे हो! पगार वेळेवर देता ना त्यांना?"

बेर्तानं डब्याचं झाकण लावलं.

"द्यायला माझी काही ना नाही," ती म्हणाली. "पण तिनं मागायला तर हवा!"