हँडब्रेकची बोंब

आमच्या पिकअपला हँडब्रेक आहे, हे घरात फक्त मला माहीत होतं. बाकीच्यांच्या मते सीटशेजारची ती दांडी पिशवी अडकवण्यासाठी होती. करुणा, म्हणजे आमच्या घरची एकमेव खरी ड्रायव्हर (आणि माझी बायको), रोज तिला टोमॅटोची पिशवी अडकवायची. टोमॅटो कधी पडले नव्हते, त्यामुळे कंपनीनं दांडी विचार करूनच दिली असणार, असं तिचं म्हणणं.

गाडी उभी करायला आमच्याकडे दगड असतो. गाडी थांबली की खाली उतरायचं, दगड काढायचा, चाकाखाली सारायचा. न्हावऱ्यापासून पाटसपर्यंत कुठल्याही रसवंतीपुढे बघा, हेच दिसेल. करुणाचा दगड तर घोडनदीतून निवडून आणलेला, काळा, सपाट, एका अंगाला उतरता. हा दगड एकदा माझ्या आईनं उचलला आणि ताकाच्या पातेल्यावर ठेवला, कारण मांजर येत होतं. ताक वाचलं. पिकअप मात्र अंगणातून मागं मागं जात शेजारच्या साखरबाईंच्या कडब्याच्या गंजीत शिरली.

साखरबाई बाहेर आल्या, गाडीकडं बघितलं आणि आईला म्हणाल्या, "चांगुणाबाई, तुमची गाडी खायला आली व्हय? पेंडी सोडू का?"

त्या क्षणी मी ठरवलं, की पिकअपला हँडब्रेकचा बझर बसवायचा.

हे मी का ठरवलं, ते सांगायला हवं. मी रांजणगावच्या एका कारखान्यात स्टोअरला क्लार्क आहे. आमच्याकडे सुधारणा सुचवणाऱ्याला बक्षीस असतं, त्याला कायझेन म्हणतात. झाडू जमिनीवर न ठेवता खुंटीला टांगावा, ही सूचना माझी. (उत्तेजनार्थ स्टीलचा डबा मिळाला. झाकण बसत नाही.) तेव्हापासून मला कुठलीही गोष्ट आहे तशी बघवत नाही. फोर्कलिफ्टचा सीटबेल्ट लावला नाही तर तो ओरडतो. मग ब्रेक ओढला नाही तर आमच्या पिकअपनं मुकाट का बसावं?

वेळही तशीच होती. करुणाच्या बचत गटाला एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या कँटीनची ऑर्डर मिळायच्या बेतात होती. आठवडाभर ट्रायल, रोज जेवणाच्या सुट्टीच्या आत डबे पोहोचले पाहिजेत, आणि शेवटच्या दिवशी मॅनेजर साहेब स्वतः जेवून हो की नाही ते सांगणार. गटातल्या बायकांनी या भरवशावर उसाच्या खुरपणीला नाही म्हणून टाकलं होतं. अशा दिवसांत गाडी गंजीत शिरणं बरं नव्हे.

सुट्टीच्या दिवशी मी पिकअपखाली आडवा झालो. खोटं कशाला बोलू, मला फार मजा आली. दांडी ओढली की एक तार ताणली जाते, ती गाडीच्या पोटाखालून मागच्या चाकांकडं जाते, आणि चाकाच्या आत लायनर नावाच्या पट्ट्या ड्रमला घट्ट चिकटतात. एवढी वर्षं मी या गाडीत बसत होतो आणि हे सगळं माझ्या बुडाखाली चाललं होतं! (चाललं नव्हतं म्हणा. तार इतकी ढिली होती, की दांडी छपराला लावली तरी गाडी एका हातानं ढकलता येत होती.)

"आन् त्या बझरला कळायचं कसं, ब्रेक वढलाय का न्हाई?" आई वाकून विचारत होती. तिलाही मजा येत असावी, कारण तिनं चूल सोडून दिली होती.

"दांडीखाली एक कळ बसवायची, आई. कळ दाबली की करंट जातो, सोडली की बंद."

"दाबणार कोण?"

"दांडीच. दांडी खाली असली की दाबणार."

शिरूरच्या दुकानदारानं विचारलं होतं, "बझर कसला देऊ? डास चावल्यासारखा, का माणूस दचकंल असा?" मी दचकेल असा घेतला. करायचं तर नीट. एक वायर चावीच्या करंटला, एक कळीला, कळ दांडीखाली, आणि वर भरपूर काळी टेप. अंगणात सगळ्यांना बोलावून मी चावी फिरवली.

बझर असा किंचाळला, की साखरबाईंची म्हैस दावं तोडून उभी राहिली.

"दांडी खाली आहे, म्हणजे ब्रेक लागलेला नाही, म्हणून तो ओरडतोय," मी बझरच्या वरच्या पट्टीत सांगितलं. "आता बघा." दांडी ओढली. शांतता.

"ब्रेक न्हाई वढला की वरडणार, आन् वढला की गप?" आईनं खात्री करून घेतली.

"बरोबर."

"तुझ्यापरीस शहाणा हाय की!"

सगळ्यांनी मान डोलावली. मीही डोलावली. कोपऱ्यात हात धूत असलेली करुणा तेवढी म्हणाली, "अहो, पर गाडी चालती तवा दांडी खालीच असती न्हवं?"

अंगणात पुन्हा शांतता पसरली, आणि या वेळी ती ब्रेकमुळं नव्हती. म्हणजे रस्त्यावर गाडी धावत असेपर्यंत बझर बोंबलत राहणार होता.

"ते माझ्या लक्षात होतंच," मी म्हणालो. (नव्हतं.)

"मग कळ उलटी लावा की. दांडी वर आली की वरडूद्या."

आता कळ उलटी लावायची म्हणजे सगळी टेप सोडवायची, आणि तीही आईसमोर. मी दांडीशी जरा खेळून बघितलं. पहिल्याच 'कट्'ला, बोटभर वर आली की, कळ सुटत होती आणि बझर गप्प होत होता. गाडी ढकलून बघितली, तर ती हलत होती. म्हणजे पहिल्या 'कट्'वर बझरही बंद आणि ब्रेकही लागत नाही! मी करुणाला सांगितलं, "चालवताना एक 'कट्' वर, उभी करताना पूर्ण वर. यालाच सिस्टीम म्हणतात."

"याला उपद्व्याप म्हणत्यात," ती म्हणाली आणि कणीक मळायला गेली.

तिनं तो आठवडा दगडावर आणि बझरची वायर उपटून काढला, हे मला नंतर कळलं. मी मात्र बेचैन होतो. बझर ओरडणार, आपण ब्रेक ओढणार, आणि तार ढिली म्हणून ब्रेक लागणारच नाही, हे काही पटेना. ट्रायलच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी मी गाडी शिरूरला म्हाळूच्या गॅरेजला नेली. त्यानं तार आवळली, सुटलेली वायरही जोडून दिली आणि म्हणाला, "आता करंगळीनं वढा. जागच्या जागी बसतीय का न्हाई बघा."

करंगळीनं ओढली. गाडी जागच्या जागी बसली. मी त्याला चहा पाजला. इथं माझ्या डोक्यात काहीतरी यायला हवं होतं, पण चहा चांगला होता.

दुसऱ्या दिवशी माझी साप्ताहिक सुट्टी होती. "आज महत्त्वाचा दिवस, गाडी मी चालवतो," असं म्हणून मी स्टिअरिंगवर बसलो. मागं भाकरीच्या टोपल्या, मटकीचं पातेलं, पिठल्याचं मोठं पातेलं, झाकणं फडक्यानं बांधलेली. शेजारी करुणा ताकाची कळशी मांडीत धरून. मी दांडी नियमाप्रमाणं एक 'कट्' वर घेतली. बझर गप्प. निघालो.

"गाडी वढल्यावानी वाटतीय," थोड्या वेळानं करुणा म्हणाली.

"लोड आहे."

"कालबी एवढाच लोड हुता."

"काल चालवत कोण होतं?" मी हसून म्हणालो. ती हसली नाही.

हायवेच्या अलीकडं मला वास आला. जळका, करपल्यासारखा. मी नाक पुढं केलं. "करुणा, पिठलं लागलं वाटतं."

"कुणाचं?"

"आपलं. वास येतोय."

"माझं पिठलं आजवर लागलं न्हाई. मटकी बघा, ती दीक्षानं केलीय."

"माझ्या बहिणीचं नाव मध्ये आणू नको."

"तुम्ही माझ्या पिठल्याचं आणलं त्ये?"

"वास पिठल्याचाच आहे."

"थांबवा गाडी."

थांबवली. (थांबवावीशी वाटायच्या आधीच ती थांबली होती, असं आता आठवतं.) आम्ही दोघं मागं चढलो. करुणानं फडकं सोडलं, झाकण काढलं. वास भस्सकन आला. पातेल्यात बोट घालून तिनं चाखलं. मीही चाखलं. ती म्हणाली, लागलेलं नाही. मी म्हणालो, लागलंय. मग मटकी उघडली, भाकरीच्या टोपल्या उघडल्या, एकेक भाकरी हुंगून बघितली. वास सगळीकडंच होता आणि वाढतच होता. करुणा पातेल्याशी तशीच बसली. तिचे डोळे भरून आले होते.

"पहाटेपास्नं सगळ्याजणी चुलीपुढं हायेत," ती म्हणाली. "मी घरी जाऊन काय सांगू त्यांना?"

मला फार वाईट वाटलं. मी म्हणालो, "एवढा काही वास नाही," आणि तेवढ्यात मला जोराचा ठसका लागला.

पाटसच्या कारखान्याकडं निघालेला उसाचा ट्रॅक्टर शेजारून जाता जाता हळू झाला. वरून ड्रायव्हर ओरडला, "ओ दादा, सैपाक काय करताय! चाकातनं धूर निघतोय की!"

आम्ही दोघांनी खाली वाकून बघितलं. मागच्या दोन्ही चाकांतून निळसर धूर निघत होता आणि आम्ही उघडून ठेवलेल्या पातेल्यांवरून शांतपणे पसरत होता.

"पाणी वतू नका, ड्रम तडकंल!" एवढं सांगून ट्रॅक्टर गेला.

करुणानं एकदा चाकाकडं बघितलं, एकदा दांडीकडं, आणि मग माझ्याकडं जरा जास्त वेळ. म्हाळूनं तार आवळल्यापासून माझा तो एक 'कट्'ही ब्रेक लावत होता. झाकणं लावली, फडकी बांधली, चाकं निवेपर्यंत वाट बघितली आणि स्वतः स्टिअरिंगवर बसली. दांडी खाली केली. बझर सुरू झाला.

मी खाली वाकून तो काढायचा प्रयत्न केला. पण म्हाळूची जोडणी आणि माझी टेप, काम इतकं पक्कं झालं होतं, की माझं नख तुटलं, टेप सुटली नाही. तसेच किंचाळत आम्ही हायवेला लागलो. कंपन्यांच्या बसगाड्या बाजूला होत होत्या. एका मोटारसायकलवाल्यानं तर ॲम्ब्युलन्स समजून हात जोडले. कंपनीच्या गेटवरच्या वॉचमननं काही न विचारता दोन्ही दारं सताड उघडली. एरवी तिथं बराच वेळ जातो, असं करुणा नंतर म्हणाली. सुट्टी व्हायला जरासाच अवकाश होता. आम्ही वेळेत पोहोचलो.

मॅनेजर पृथ्वीराज साहेब ताट घेऊन बसले. करुणा भिंतीला टेकून उभी, पदर मुठीत. मी तिच्या मागं. साहेबांनी भाकरी मोडली, पिठल्याला लावली, तोंडात घातली आणि चघळता चघळता थांबले. पुन्हा एक घास घेतला. मग डोळे मिटले.

मी दाराकडं सरकलो.

"ताई," ते म्हणाले, "आठवडाभर चांगलंच होतं. पण आज याला चुलीच्या धुराचा वास आहे. लहानपणी मामाच्या मळ्यात असं खाल्लं होतं, त्यानंतर आज." मागच्या टेबलांवर पोरं पिठल्याला पुन्हा रांग लावत होती. "ऑर्डर तुमची. पण हा वास आणता कसा तुम्ही?"

करुणानं श्वास सोडला. वळून माझ्याकडं बघितलं, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच चारचौघांत म्हणाली, "हे ह्यांनी केलंय."

माझी छाती फुगली. साहेबांनी माझा हात हातात घेतला. "वा! मग रोज असंच जमेल ना?"

"रोज न्हाई जमायचं, साहेब," करुणा म्हणाली. "नशिबानं ह्यांना नोकरी हाय."